सकाळी सातचा भूगोल

मखमलाबादच्या पुंजारामला सगळा गाव झेंडूवाला म्हणायचा आणि तोही ते नाव मिरवायचा. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये मात्र त्याला मिरवायला नवंच कारण मिळालं. लेक दीपमाला बारावी झाली आणि तिला नाशिकच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. त्याच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. या गड्याने वाटेत भेटेल त्याला थांबवून ही बातमी सांगितली. डेअरीवाल्याला तर दोनदा सांगितली.

आता विषय निवडायचे होते. दुपारी ओट्यावर फॉर्म आणि वेळापत्रक पसरून दीपमाला बापाला समजावत होती.

"इंग्रजी सगळ्यांनाच सक्तीचं, नाना. मराठीपण घ्यायचंच. बाकी चार गट आहेत, एकेका गटातून एकच विषय."

"आन् एका गटातले दोन आवडले तर?"

"नाय चालत."

"बरं हाय की. नायतर मानूस आवडीचंच लावत बसतो."

"दुसऱ्याचं कशाला सांगता," आतून त्याची बायको रंगूबाई म्हणाली. वीस वर्षं ती या माणसाबरोबर झेंडूच तोडत आली होती.

दीपमाला म्हशीला पाणी दाखवायला गेली, तसा पुंजारामने चष्मा चढवला. चौथीपर्यंतच्या शाळेच्या बळावर तो फॉर्म अक्षर लावून वाचू लागला. शेवटच्या गटापुढे पेन्सिलीने राज्यशास्त्र लिहिलं होतं. त्याखाली खोडरबराने पुसलेली, पण अजून दिसणारी अक्षरं होती. भूगोल.

नववीत असताना याच पोरीने दोरीने सगळा मळा मोजून त्याचा नकाशा काढला होता. विहीर, ओहोळ, बांधावरचं आंब्याचं झाड, सगळं जागच्या जागी. पाण्याच्या मोटारीच्या खोलीत स्टार्टरशेजारी तो अजून लावलेला होता आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, त्याची इच्छा असो नसो, तो बघावाच लागे.

त्याने वेळापत्रकावर बोट फिरवलं. राज्यशास्त्र साडेअकराला. भूगोल सकाळी सातला.

मग कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. झेंडूचा माल नऊच्या आत फुलबाजारात लागतो, म्हणून उजाडल्यापासून आठपर्यंत तिघंही तोडणीला असत. दसऱ्याच्या तोंडावर तर सहा हातही पुरत नसत. पोरीने गुपचूप स्वतःचाच विषय खोडून टाकला होता. पुंजारामला तिचा अभिमान वाटला, रागही आला आणि स्वतःची लाजही वाटली.

ती परत आली तेव्हा फॉर्म त्याच्या हातातच होता.

"भूगोल का खोडलास?"

"राज्यशास्त्रपण चांगलं असतं, नाना."

"ते मी इचारलं नाय."

"सकाळी तोडणीला कोण राहील मग?" ती खाली बघत म्हणाली.

पुंजाराम उठला आणि विहिरीकडच्या गादीवाफ्यापाशी गेला. झेंडूची रोपं लावणीला आली होती. एकाही वर्षी त्याचा दसरा चुकला नव्हता. वाकून त्याने दोन-चार रोपं चाचपून पाहिली. मग त्याने बांधापलीकडच्या कोंडाजीला हाक मारली आणि सगळी रोपं त्याला देऊन टाकली.

रंगूबाई बघतच राहिली. "आन् आपल्या रानात?"

"कोथिंबीर टाकू, मेथी टाकू. दुपारून उपटायची, संध्याकाळी मार्केट यार्डात लिलाव. सकाळ मोकळी." मग ओट्यावर येऊन तो लेकीकडे वळला. "पेन घे. पेन्सिलीनं नको लिहू."

दीपमालाने पेनाने भूगोल लिहिलं. लिहिताना तिचे डोळे भरले होते, पण अक्षर सुरेख आलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुंजाराम फुलबाजारात गेला आणि तोरणापुरता झेंडू घ्यायला रांगेत उभा राहिला. ओळखीचे शेतकरी हसायला लागले.

"काय झेंडूवाले, तुमच्यावर इकत घ्यायची येळ आली?"

"आली ना," पुंजाराम चार गाळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "आमच्या दीपमालाचा भूगोल सकाळी सातला असतो."