तेरा मिलिमीटर

मित्रांनो, मी रिसालीतल्या एका बैठकीच्या भिंतीवर टांगलेली गिटार आहे. दर रविवारी देवाजी मला खाली काढत, मऊ फडक्याने पुसत आणि रायपूरहून आलेल्या लेकीसमोर, मृणालसमोर, ठेवत. त्या रविवारीही ठेवलं.

"कावून व, वाजवत नाही तू हिले?"

"वेळच मिळत नाही, बाबा."

"रिटायर झाल्यावर वाजवजो मंग," असं म्हणून ते जेवायला बसले. भाजीत मीठ कमी आहे यावर दोघांची थोडी हुज्जत झाली. संध्याकाळच्या बसने ती गेली. मंगळवारी सकाळी आंघोळीचं पाणी काढताना देवाजी पडले, ते उठलेच नाहीत.

देवाजी कारखान्यात पॅटर्न शॉपला होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो ते घडवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी लेकीसाठी मला बनवायला घेतलं. लाकूड इथलंच हवं, असा हट्ट. माझी छाती शिवणीच्या लाकडाची, खुर्सीपारच्या लाकूड कापायच्या आरामशीनवरची. फळीवर टकटक करून, कान टेकवून ते इतका वेळ ऐकत राहिले की आरावाला म्हणाला, "काका, लकड़ी ले रहे हो कि बहू देख रहे हो?" पाठ आणि कडा वादळात पडलेल्या शिसमच्या, मान सागाची, तिच्यावरची पट्टी बिज्याची. तापल्या पाइपवर ओल्या कडा वाकवताना दोन मोडल्या. वर्ष लागलं. येणारे-जाणारे हात फिरवून वाहवा करत.

मृणालने मात्र मला वाजवलं आणि थांबली. मानेवर बोटं पुढे सरकतील तसे माझे स्वर हवे त्याहून जास्त चढे लागत होते. कारखान्याच्या आवाजाने मंद झालेल्या देवाजींच्या कानांना ते कळलं नाही. "छान झाली," म्हणून तिने मला टांगलं. मग अकरा वर्षं वेळ मिळाला नाही. मित्रांनो, आम्हा वाद्यांना धुळीचं फारसं वाटत नाही. आमचा दोष कुणी बोलून दाखवत नाही, त्याचं वाटतं.

देवाजी गेल्यावर महिन्याभराने मृणालने त्यांची हत्यारं त्यांच्या शॉपमधल्या सोबत्याला, तेजरामकाकांना, न्यायला बोलावलं. काकांनी सहज मला खाली काढलं, कारागिराच्या सवयीने मोजलं आणि हसले. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुने करणाऱ्यांची मोजपट्टी मुद्दाम थोडी मोठी असते. देवाजींनी माझ्या मानेवरचे स्वरांचे पडदे सवयीने त्या मोजपट्टीने आखले होते. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी मात्र साध्या टेपने बसवली होती.

"देवाजी हिलेबी लोखंडात ओतनार होता का?" काका म्हणाले. मग आवाज उतरला. "तेरा मिलिमीटरचा फरक आहे, पोरी. घोडी मागं सरकवली का झालं. त्याले कोनी सांगितलं असतं, तर एका दुपारी करून टाकलं असतं त्यानं."

काकांनी घोडी सरकवली. सरस वाळायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, घरात कुणी नसताना, तिने मला मांडीवर घेतलं आणि खालपासून वरपर्यंत एकेक स्वर वाजवला. सगळे जागेवर होते. तिने तारांवर हात ठेवून मला गप्प केलं.

"बाबा, वेळ होता मले," ती मोठ्याने म्हणाली. "ही बेसूर लागत होती. तुमाले वाईट वाटन म्हणून बोलली नाही मी." मग घोडीवर बोट फिरवत म्हणाली, "तुमाले दुरुस्त करू द्याले पाहिजे होतं."