चेंडूच्या पलीकडचे हनीफभाई

हिवाळ्यातली कलती उन्हं मैदानावर आडवी पसरली की हनीफभाईंच्या आधी त्यांची सावली माझ्यापाशी पोचायची. आधी शिट्टी धरलेल्या हाताची लांबच लांब काडी गवतावरून सरकत यायची, मग किंचित पुढे झुकलेली मान, आणि सगळ्यांत शेवटी ते स्वतः, डोळे चेंडूवर खिळलेले, पावलांचा आवाज नाही. मी पलीकडच्या रेषेवर झेंडी घेऊन उभा असे. आम्हा दोघांच्या मध्ये चेंडू, त्याच्यामागे धावणारी पोरं आणि त्यांनी उडवलेली धूळ. त्या धुळीत मळणीनंतर उरलेल्या सोयाबीनच्या कुटाराचा वास मिसळलेला असायचा, आणि घाटाच्या कडेवरून येणारा गार वारा तो आणून अंगावर टाकायचा. थंडी आली हे मला अजूनही त्या वासानेच कळते.

बुलढाण्याहून देऊळघाटकडे निघालं की रस्त्याच्या खालच्या अंगाला ते मैदान लागतं. मैदान म्हणायचं ते आपलं प्रेमाने. एका बाजूला तुरीचं शेत, दुसऱ्या बाजूला रस्ता, आणि पश्चिमेचा गोलपोस्ट असा कललेला, की जणू तोही कंटाळून घरी निघालाय. सोयाबीन घरात आलं, तुरीला पिवळा फुलोरा धरला, की इथे फुटबॉलच्या स्पर्धा सुरू होत, आणि स्पर्धा कोणाचीही असो, रेफ्री हनीफभाईच. धंद्याने ते पिंजारी. देऊळघाटात गाद्या भरायचं दुकान, दिवसभर कापसात बसणं. रेफ्रीचा काळा पोशाख कितीही झटकला तरी त्यावर पांढरे तंतू राहायचेच. ‘चाचा, यंदा कापूस तं तुमच्याच अंगावर फुटला!’ असं पोरं ओरडायची. हनीफभाई हसायचे, आणि पुढच्याच मिनिटाला त्याच पोराविरुद्ध फाऊल द्यायचे.

मी विजेच्या खात्यात. दिवसा खांबावर चढणारा लाइनमन, सुटीच्या दिवशी रेषेवर पळणारा लाइन्समन. ‘या मिलिंदचा अख्खा जल्म लाइनीतच जाते,’ ही त्यांची आवडती चेष्टा. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे, त्यांनीच मला झेंडी धरायला शिकवली. पण झेंडी कशी धरावी हे त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. कुठे उभं राहावं, हे मात्र ते शेवटपर्यंत शिकवत राहिले.

‘पयनं कोनालेही येते बे,’ ते म्हणायचे. ‘कुठं थांबाव, हे समजलं पाह्यजे.’

रेफ्रीची धाव तिरकी असते, या कोपऱ्यापासून त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत. लाइन्समन दुसऱ्या अंगाला रेषेवर. खेळ कुठेही सरको, चेंडू या दोघांच्या मध्ये सापडला पाहिजे, म्हणजे एकाला पाठ दिसते तेव्हा दुसऱ्याला पोट दिसतं. एवढंच शास्त्र. पण हनीफभाई ते असं जगायचे, की पाहणाऱ्याला त्यात काही शास्त्र आहे याचा पत्ताही लागू नये. चेंडूच्या मागे धावताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. चेंडू जिथे येणार, तिथे ते आधीच उभे असायचे, पाव्हणा यायच्या आधी ओट्यावर सतरंजी टाकून बसलेल्या यजमानासारखे. दोन खेळाडू भिडले की ते जवळ जायचे नाहीत, उलट दोन पावलं बाजूला सरकायचे. सुरुवातीला मला हे कळेना. मी विचारलं तर म्हणाले, ‘गादीवर हुभं राहून गादीचा उंचवटा दिसते का? बाजूले बसाव लागते, डोया खाली आनाव लागते. दोघाईच्या मधातली फट दिसली, का खरं दिसते.’

आणि ऊन. संध्याकाळी पश्चिमेच्या गोलाकडे पाहिलं की डोळ्यांत नुसतं पिवळं पाणी भरायचं. म्हणून सामन्याआधी ते मैदानाच्या कडेने एक चक्कर मारायचे, सूर्याकडे हाताची ओंजळ करून पाहायचे, आणि आपली तिरकी वाट अशी निवडायचे की उतरत्या उन्हाकडे त्यांची पाठ यावी. साहजिकच ऊन यायचं माझ्या तोंडावर. मी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं, ‘तू जवान हायस. तुले चालते.’ मग मी कपाळावर हात धरून उत्तरेच्या रेषेवर उभा राहायचो, आणि त्यांची सावली सावकाश चालत येऊन माझ्या बुटांना टेकायची. त्या सावलीचा मला आधार वाटायचा, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. गड्याला गडी असं कुठे सांगतो?

पंचक्रोशीत त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगितली जायची, आणि ती म्हणजे ‘हनीफभाई जागेवर असतात.’ त्यांचा निर्णय कोणाला आवडो न आवडो, त्यावर भांडण व्हायचं नाही, कारण सगळ्यांनी पाहिलेलं असायचं की घटना घडली तेव्हा हा माणूस तिथे, योग्य कोनात, उभा होता. दुसरी कमाई त्यांनी केली नाही. दुकान बेताचं, घर बेताचं. पण कोणाच्या घरातल्या वाटणीत, कोणाच्या बांधावरच्या वादात लोक त्यांना नेऊन बसवायचे, ते या एका लौकिकावर. आणि तो लौकिक उभा होता दोन गुडघ्यांवर.

डावा गुडघा आधी गेला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. भाभी, म्हणजे त्यांच्या घरच्या, एरंडाचं पान गरम करून बांधायच्या, आणि हे वरून लांब मोजा चढवून मैदानावर यायचे. पण माझ्यापासून ते कसं लपणार? चेंडू आमच्या मध्ये राहीनासा झाला. मी इकडे, चेंडू माझ्यासमोर, आणि हनीफभाई त्याच्या पलीकडे असायच्या ऐवजी कुठेतरी मागे, अर्ध्या मैदानात. सावलीही उशिरा येऊ लागली. मला भीती वाटायची. एखाद्या दिवशी मोठ्या सामन्यात हा माणूस जागेवर नसेल, आणि ज्या एका गोष्टीवर त्याने आयुष्य उभं केलं ती सगळ्यांसमोर खाली पडेल, ही ती भीती. एकदा बूट सोडताना मी धीर करून म्हणालो, ‘हनीफभाई, यंदा आराम करा नं.’ ते नाडीची गाठ सोडवत राहिले. मग म्हणाले, ‘फायनल होऊ दे.’

फायनल आली तीच मुळी वाईट मुहूर्तावर, असं मला त्या सकाळपासून वाटत होतं. एक संघ मेहकरकडून आलेला, आणि दुसरा थेट हनीफभाईंच्या मोहल्ल्यातला. बचावात त्यांचा सख्खा पुतण्या, आरिफ. रस्त्यावर ट्रॅक्टर उभे, ट्रॉल्यांवर माणसं, भज्याच्या गाडीचा धूर सरळ मैदानात. सामना संपत आला तरी गोल नव्हता. सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकला होता. आणि मोहल्ल्याचा हल्ला फसून चेंडू एकदम उलटा फिरला. मेहकरचा एक सडपातळ पोरगा तो घेऊन पश्चिमेच्या गोलाकडे सुटला, मागे एकटा आरिफ.

हनीफभाई निघाले. पहिली काही पावलं जुनी होती. मग गुडघ्याने दगा दिला. मला ते लांबूनही दिसलं, त्यांची मान एकदम खाली गेली. ते थांबले नाहीत, पाय ओढत येत राहिले, पण चेंडू त्यांच्या फार पुढे निघून गेला होता. मी रेषेवरून जिवाच्या आकांताने पळत होतो, डोळ्यांत ते पिवळं ऊन, कपाळावर झेंडीचा हात. गोलसमोरच्या चौकटीत दोघे भिडले. पोरगा पडला. चेंडू बाहेर गेला.

सगळ्यांच्या माना हनीफभाईंकडे वळल्या. ते मध्यरेषेच्या थोडेच पुढे, दोन्ही हात मांड्यांवर टेकून उभे. त्यांना दिसल्या असतील नुसत्या दोन पाठी. शिट्टी ओठांत होती, पण वाजत नव्हती. मग त्यांनी मान वर केली आणि मधल्या रिकाम्या मैदानापलीकडे, माझ्याकडे पाहिलं.

मी पाहिलं होतं. आरिफचा पाय चेंडूला लागलाच नव्हता, पोराच्या घोट्याला लागला होता. ज्या माणसाने मला पाहायला शिकवलं, त्याच्याच घरावर बोट दाखवायचं होतं, आणि तेही तो पांगळा होऊन उभा असताना. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते तिच्यात विनवणी नव्हती. काय झालं तेवढं त्यांना हवं होतं. मी झेंडी हलवली आणि पेनल्टीची खूण म्हणून कोपऱ्याच्या खांबाकडे चालू लागलो.

शिट्टी वाजली. हनीफभाईंचा हात पेनल्टीच्या ठिपक्याकडे सरळ झाला.

मग काय, मोहोळ उठलं. मोहल्ल्यातली माणसं रेषा ओलांडून आत आली. मी धावत हनीफभाईंपाशी पोचलो तेव्हा आरिफ रडवेल्या आवाजात विचारत होता, ‘चाचा, तुमी तं मागं होते! तुमाले काय दिसलं?’

हनीफभाई म्हणाले, ‘हाव. मी मागंच होतो. मी जागेवर नोतो. मले काईच नाई दिसलं.’

हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

‘मिलिंदले दिसलं,’ ते पुढे म्हणाले. ‘तो जागेवर होता.’

‘त्याच्या तं डोयात ऊन होतं!’ गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

हनीफभाई माझ्याकडे वळले. चेहरा घामाने आणि दुखण्याने काळवंडलेला, पण ओठांच्या कोपऱ्यात ती जुनी चेष्टा होती. ‘ते ऊन मीच देल्लं त्याले, इतले वर्स,’ ते म्हणाले. ‘तो उन्हातच पाह्याले शिकला.’

पेनल्टीवर गोल झाला. मोहल्ला हरला. त्या रात्री कोणी त्यांच्या घरावर दगड मारला नाही की कोणी बोलायचं सोडलं नाही, पण सामना संपल्यावर हनीफभाईंनी आपली शिट्टी दोरीसकट माझ्या खिशात टाकली. त्या संध्याकाळी मैदानाकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. मी घरी आलो आणि बायकोसमोर रडलो.

पुढल्या हिवाळ्यापासून मी रेफ्री झालो, फारुख नावाचा झेरॉक्सवाला लाइन्समन झाला, आणि हनीफभाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन उत्तरेच्या कडेला बसू लागले. मध्यरेषेजवळ, काठी मांडीवर आडवी. तीन-चार सामन्यांनंतर फारुख वैतागला. ‘मिलिंदभाऊ, बॉल आपल्या मधात काऊन नाई राहून राह्यला? तुमी भलतीकडंच जाता!’ मी चमकलो. खरंच होतं ते. मी चेंडू ठेवत होतो तो माझ्या आणि त्या खुर्चीच्या मध्ये. इतक्या वर्षांत पायांना पलीकडचा एकच माणूस ठाऊक होता, आणि पाय काही माझं ऐकत नव्हते.

मी हे हनीफभाईंना सांगितलं नाही. लाज वाटली. पण पुढच्या सामन्यात पाहतो तर खुर्ची मध्यरेषेजवळून हललेली. खेळ पश्चिमेला सरकला की हे काठी टेकत उठायचे, एका हाताने खुर्ची ओढत फारुखच्या पाठोपाठ रेषेच्या कडेने पुढे जायचे आणि बरोबर त्याच्या मागे मांडून बसायचे. खेळ परतला की पुन्हा तेच. पोरं हसायची, ‘चाचाले एका जागी करमत नाई!’ त्यांना काय माहीत. तो म्हातारा तसल्या गुडघ्याने मला माझ्या जागेवर आणत होता. मी जीव तोडून पळालो, कारण मी चुकलो की त्यांना खुर्ची आणखी लांब ओढावी लागे. हळूहळू माझे पाय फारुखला ओळखू लागले. ते कळताच खुर्ची पुन्हा मध्यरेषेपाशी गेली आणि तिथेच राहिली.

गेल्या उन्हाळ्यात हनीफभाई गेले. कब्रस्तानात माती देताना माझ्या ओंजळीतून एक पांढरा तंतू खाली गेला, कापसाचा की आणखी कशाचा, कोण जाणे.

यंदाही तुरीला फुलोरा आलाय, कुटाराचा वास आहे, गोलपोस्ट अजून कललेलाच आहे. परवाच्या सामन्यात चेंडू पश्चिमेच्या गोलाकडे गेला. मी वळसा घेऊन पोचलो तेव्हा ऊन माझ्या पाठीवर होतं. पलीकडे फारुखने कपाळावर हात धरला होता, आणि माझी सावली लांब होत होत चेंडूवरून त्याच्या बुटांपर्यंत गेली होती. मागे ज्या तुकड्यावर खुर्ची असायची, तिथे तिच्या चार पायांचे खळगे पावसाने बुजवून टाकले आहेत. काळ आपल्या पुढेच पळत असतो आणि त्याला गाठणं कोणाच्याच गुडघ्यांत नसतं. पण त्या क्षणी मी त्या रिकाम्या तुकड्याकडे पाहिलं आणि मनात म्हणालो, हनीफभाई, पाहा, चेंडू मधात आहे आणि मी जागेवर आहे.