बिळाच्या तोंडावरचे दगड

ज्ञानदा माळावर पोचली तेव्हा लांडगीच्या बिळाचं तोंड दगडांनी बुजवून झालं होतं. आप्पासो मेंढपाळ फटींत वाळल्या काट्या कोंबत होता. त्याची म्हातारी आई सुलाबाई काडेपेटी घेऊन उभी होती. आतून बारीक कुंई-कुंई ऐकू येत होती.

"थांबा दादा! आत पिल्लं आहेत."

"ठावं हाय. म्हणूनच." आप्पासोनं वळूनही पाहिलं नाही. "काल त्यांच्या आयनं माजी सात कोकरं फाडली. तवा कुटं हुता तुमी?"

ज्ञानदा सांगलीच्या प्राणिशास्त्र मंडळात कामाला होती. जत भागातल्या लांडग्यांची मोजणी तिच्याकडे होती. "मी मंडळाकडून आलेय," ती म्हणाली.

"मंडळाचं नाव काढू नगं," सुलाबाई म्हणाली. "माज्या सासऱ्याला तुमच्याच सायबानं इखाच्या गोळ्या दिल्या. लांडगं मारा म्हनला. आता राखा म्हनतासा!"

ज्ञानदाला तो काळ माहीत होता. कार्यालयात एक जुना फोटो होता, बंदुकवाल्या सभासदांच्या पायाशी ओळीनं मांडलेले अकरा लांडगे.

"खरं आहे, आजी. मंडळ शिकारीसाठीच निघालं होतं. लांडगे संपत आले, तेव्हा कुठं जाग आली. आणि माझंही चुकलंय. हे बीळ मला महिन्यापासून माहीत होतं. तुम्ही माराल म्हणून सांगितलं नाही."

आप्पासो सावकाश उठला. हातात कुऱ्हाड होती.

"म्हंजी तुज्यापायी गेली माजी कोकरं?"

"हो."

तो दोन पावलं पुढं आला. ज्ञानदा हलली नाही. तिनं पाठ बिळावरच्या दगडांना टेकवली. तेवढ्यात कुत्री भुंकत सुटली. समोरच्या टेकाडावर लांडगी उभी होती. पळत नव्हती, नुसती बघत होती.

"आप्पासो, काट्या काढ," सुलाबाई म्हणाली.

"आये!"

"त्या इखानं आपलीच कुत्री मेली. कुत्रीबी मरत्याल हे सायबाला आदीच म्हाईत हुतं, पर बोलला न्हाई. ही निदान तोंडानं कबूल करतीया." मग ती ज्ञानदाकडे वळली. "हितनं फुडं बीळ घावलं की पयलं आमाला सांगायचं. आन् दोन दीस हितं ऱ्हाऊन कोकरं राखायची."

"राखीन."

आप्पासोनं कुऱ्हाड फेकली आणि दगड उपसायला लागला. सगळे ओढ्यापर्यंत मागे सरले. ऊन कलताना लांडगी आली. एकेक पिल्लू तोंडात धरून तिनं पलीकडच्या घळीत नेलं. चार नेली. मग पुन्हा आली, बिळात वाकली, रिकामीच परतली.

पाचवं पिल्लू ज्ञानदानं बाहेर काढलं. गुदमरून मेलं होतं. आप्पासोनंच खड्डा खणला.

दोन दिवस ज्ञानदानं कोकरं राखली. तिसऱ्या सकाळी आप्पासोनं मेंढ्या घळीपासून लांबच्या माळाला वळवल्या, आणि वाटेत भेटेल त्या मेंढपाळाला हाक मारून सांगत गेला, "घळीकडं जाऊ नगा रं. पिल्लं हायती."