तिसावा कप

संगणकाने रोझविथाची जन्मतारीख विचारली, तेव्हा फोल्कमारच्या डोक्यावर अजून टोपी होती. बेकरीतल्या पोस्टाच्या खिडकीवर पार्सल देऊन तो नुकताच घरी आला होता आणि 'पाठवलं' एवढंच नोंदवायला खुर्चीच्या कडेवर टेकला होता. नेहमीच्या हिरव्या खुणेऐवजी पडद्यावर लांबलचक मजकूर आला. प्रिय रोझविथा, या वर्षी तुमच्या तीस विक्री झाल्या आहेत. कायद्याप्रमाणे आम्हाला तुमची माहिती करखात्याला कळवावी लागेल. जन्मतारीख आणि अकरा आकडी करक्रमांक साठ दिवसांत भरा, अन्यथा खातं बंद करण्यात येईल.

"तीस कसे?" फोल्कमार मोठ्यांदा म्हणाला. "एकोणतीस!"

तो उठला आणि काचेच्या कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूच्या खडूच्या रेघा मोजू लागला. पाच-पाचच्या पाच जुड्या आणि वर चार. पुन्हा मोजल्या, तरी एकोणतीसच. वर्षाला तीसपेक्षा कमी विक्री असेल तर साइटवाले कोणालाच काही कळवत नाहीत, हा नियम आला तेव्हापासून त्याला पाठ होता. दोन वर्षं त्याने एकोणतिसाव्या रेघेवर हात आखडता घेतला होता आणि पुढच्या जानेवारीची वाट पाहत बसला होता.

मग त्याला मार्च आठवला आणि त्याने कपाळाला हात लावला. ब्रेमेनच्या आल्मूटने दोन दिवसांच्या अंतराने दोन कप घेतले होते. तिचा टपालखर्च वाचावा म्हणून त्याने दोन्ही एकाच खोक्यात घातले. अडतीस वर्षं पोस्टाच्या पार्सल-खिडकीवर काढलेल्या माणसाला खोकं एक म्हणजे पार्सल एक, आणि पार्सल एक म्हणजे रेघ एक. कायद्याला खोक्यांशी काय देणंघेणं? तो विक्री मोजतो. आजचं पार्सलही आल्मूटचंच होतं, त्याची रेघ त्याने निघतानाच ओढली होती. निळ्या फुलांचा कप, त्याची बशी आणि केकची छोटी ताटली. तोच तिसावा.

रोझविथाची जन्मतारीख त्याला ठाऊक होती. करक्रमांकही फाइलीत होता. फक्त रोझविथा तीन वर्षांपूर्वी वारली होती.

कप तिचे होते. लग्नात आले, वाढदिवसांना आले, कारखान्यातल्या मैत्रिणींनी दिले, रविवारच्या जुन्या बाजारातून घासाघीस करून आणले. कपाट भरलं तेव्हा ती साइटवर विकायला लागली. विकणं हे आपलं निमित्त होतं. तिला गप्पा मारायला माणसं हवी होती. एकेका कपाखाली ती एवढं लिहायची की गिऱ्हाइकाला कपापेक्षा बाईच आवडून जायची. 'ही बशी दोनदा माझ्या हातून पडली, पण तिने मोठ्या मनाने मला माफ केलं.' फोल्कमार मागून वाचून म्हणायचा, "अगं, लांबी-रुंदी लिही. लोकांना ते हवं असतं." त्यावर ती म्हणायची, "तू खोकी बांध. बोलायचं माझ्यावर सोड."

तिला पुरून आठ दिवस झाले होते तेव्हा संगणक टिंग वाजला. प्रिय रोझविथा, तो गुलाबांचा कप अजून आहे का? ती आता नाही, असं लिहायला तो बसला. बराच वेळ बसला. मग लिहिलं, 'आहे. कान थोडा वाकडा आहे, पण ऐकू सगळं येतं.' हे आपल्याला कसं सुचलं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. पलीकडून हसण्याचं चित्र आलं. 'रोझविथा, तू म्हणजे ना!' त्या रात्री कित्येक दिवसांनी फोल्कमारला झोप लागली.

तेव्हापासून तो विकत होता. कपाट रिकामं होत होतं आणि त्याला ते दिसत होतं. पण कप मांडला तरच पत्र येत होतं, आणि पत्र आलं की 'प्रिय रोझविथा' येत होतं. तिची जुनी पत्रं वाचवाचून तो तिच्यासारखं लिहायला शिकला होता. पार्सलावर पाठवणाऱ्याच्या जागीही तिचंच नाव घालायचा. बेकरीवाली बाई तिच्या अंत्यविधीला आली होती. ती ते नाव वाचायची, पावती द्यायची आणि कधीही काही बोलायची नाही.

या सगळ्यात रडायचं मात्र राहून गेलं होतं. रडायचं तर ती गेली हे आधी मान्य करायला हवं, आणि इथे रोजच्या रोज तिच्या नावाने उत्तरं द्यायची होती.

रविवारी गेझिना आली, त्याची मुलगी. लाइपझिगहून येताना ती आलुबुखाराचा केक आणायची आणि चारच्या कॉफीनंतर बापाची कागदपत्रं बघायची. साइटचा मजकूर वाचून तिने हसून मान हलवली.

"अरे पप्पा, यात तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे? एक पैसा कर लागत नाही याच्यावर. आईचे जुने कप विकतोयस तू, चोरीचा माल नाही."

"ते कळतं मला."

"मग टाक तुझा नंबर."

"नाव जुळत नाही म्हणतो तो."

"नाही जुळणार. खातं आईच्या नावावर, नंबर तुझा. मी तेव्हाच म्हटलं होतं, नाव बदल म्हणून. सरक, दोन मिनिटांचं काम आहे."

तिने हात पुढे केला. फोल्कमारने माउसवर पंजा ठेवला, लहान मूल खाऊवर ठेवतं तसा.

"पप्पा?"

"राहू दे, गेझिना."

तिने डाव्या हाताने कीबोर्डवरचा बाण दाबत आधीची पत्रं वर सरकवली. प्रिय रोझविथा. प्रिय रोझविथा. तुझी, रोझविथा. तारखा या वर्षीच्या होत्या. गेल्या आठवड्याच्या होत्या. ती वाचत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"हे तू लिहितोस?"

त्याने माउसवरचा हात काढला. गेझिना उठून स्वयंपाकघरात गेली. तीन कपबश्या धुवायला लागणार नाही इतका वेळ नळ वाहत राहिला. डोळे लाल करून ती परत आली आणि कोट घालता घालता एवढंच म्हणाली, "वाकडा कान... ते अगदी आईच बोलल्यासारखं आहे रे."

खोटा नंबर टाकणं त्याच्या रक्तात नव्हतं. रोझविथाचा नंबर टाकला तर तो खरा की खोटा, हेच त्याला ठरवता येईना. नोव्हेंबरच्या एका सकाळी स्वच्छ दाढी करून, तिची फाइल काखेत मारून तो करकचेरीत गेला. खिडकीवर चाळिशीची एक बाई होती. गळ्यात लोकरीचा रुमाल, आवाज सर्दीने बसलेला.

"तुम्ही आठवड्यातले चौथे," ती म्हणाली. "काल एक आजोबा आले होते, आगगाडीचे खेळण्यातले डबे विकणारे. तुरुंगात टाकणार का म्हणून विचारत होते. कप विकायलाच म्हणून विकत घेता का तुम्ही?"

"छे हो. चाळीस-चाळीस वर्षं घरात आहेत."

"मग कर नाही. साइटवाले आम्हाला फक्त कळवणार, कोणी किती विकलं ते. आम्ही बघणार आणि फाइल मिटणार. नंबर टाका आणि निर्धास्त राहा."

"खातं बायकोचं आहे."

"मग त्यांचा टाका. त्या नाही आल्या?"

"तिला..." फोल्कमारने काखेतली फाइल खिडकीवर ठेवली. "तिला जरा बरं नाही."

"थंडीच तशी आहे. द्या, नंबर तपासून देते, म्हणजे चूक नको."

त्याने कागद पुढे सरकवला. बाईने अकरा आकडे टाइप केले आणि तिचे हात तसेच थांबले. हळूच तिने पडदा स्वतःकडे वळवला, जणू त्यावर काही आहे ते फोल्कमारला दिसू नये. मागे कोणीतरी खोकलं. बाईने रुमाल गळ्याभोवती नीट केला.

"कधीपासून बरं नाही त्यांना?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

"तीन वर्षं झाली," फोल्कमार म्हणाला.

 बाईने कागद दोन्ही हातांनी त्याच्याकडे परत दिला.

"लोरेन्त्ससाहेब, कप आता वारसाने तुमचेच आहेत. तुमच्या नावाने नवीन खातं उघडा. कोणी काही म्हणणार नाही."

"कप माझे आहेत हो," तो म्हणाला. "पत्रं तिची आहेत."

त्यावर करकचेरीकडे नियम नव्हता. बाईने तसं सांगितलंही नाही. ती फक्त म्हणाली, "बाहेर पायरीवर बर्फ आहे. जपून जा."

घरी येऊन तो पत्र लिहायला बसला. सगळ्यांना लिहिणं त्याच्याने झालं नसतं. आल्मूटला लिहिणं भाग होतं. ती सात वर्षं रोझविथाला लिहीत होती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण आल्मूटच्या गुडघ्याचं दुखणं, तिच्या मांजराची बाळंतपणं आणि गेल्या वर्षी नवरा घर सोडून गेला तेही, फोल्कमारला सगळं ठाऊक होतं. तिने ते रोझविथाला सांगितलं होतं आणि त्याने वाचलं होतं. पोस्टातल्या माणसाने दुसऱ्याचं पत्र फोडायचं नसतं, ही शपथ त्याने विसाव्या वर्षी घेतली होती.

त्याने अडखळत, आपल्या भाषेत, लांबी-रुंदी लिहावी तसं लिहिलं. 'आल्मूटबाई, रोझविथा तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये वारली. त्यानंतरची पत्रं मी लिहिली. मी तिचा नवरा, खोकी बांधणारा. मला माफ करा. एकोणतीस विक्रींपर्यंत कोणी काही विचारत नाही, तुमचा निळा कप तिसावा ठरला, म्हणून हे खातं तीन डिसेंबरला बंद होईल.' खाली त्याने घरचा पत्ता दिला.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. उरलेले दिवस फोल्कमार रोझविथाची पत्रं जुन्या नोंदवहीत उतरवून घेत बसला. पार्सल-खिडकीवरच्या सरळ, टपोऱ्या अक्षरात तो फक्त तिची उतरवत होता. स्वतःची एकही नाही. कुठे तिची संपतात आणि कुठे आपली सुरू होतात, ते त्याला तारीख न बघता कळत होतं. तिची जास्त हसरी होती. त्याने कितीही जीव ओतला तरी तो ओतलेला दिसत होता.

चार डिसेंबरला सकाळी त्याने संगणक लावला. हे सदस्य आता उपलब्ध नाहीत, असं पडद्यावर आलं. फोल्कमारने ते दोनदा वाचलं. डॉक्टरांनीही त्या दिवशी इतकं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

नाताळला पाच दिवस उरले असताना टपालवाल्याने बेल वाजवली. हातात खोकं होतं. फोल्कमारने आपली गाठ लांबूनच ओळखली. ती न कापता, सोडवून, पुन्हा वापरली होती. वर पत्ता होता, फोल्कमार लोरेन्त्स. तीन वर्षांत या घरी त्याच्या नावाने बिलांखेरीज काही आलं नव्हतं.

आत निळ्या फुलांचा कप होता, बशी आणि ताटलीसकट. सोबत पत्र.

'फोल्कमार, आधी पंधरा दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते की पेन हातात धरवत नव्हतं. नवरा गेला ते मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. ते तुम्हाला सांगायचं नव्हतं. माझी मैत्रीण मेली आणि मी तिला माझ्या गुडघ्याचं कौतुक लिहीत बसले. तुम्हाला तिच्यासाठी रडायला तीन वर्षं मिळाली. माझं आत्ता कुठे सुरू झालंय.

पण नवरा गेला त्या फेब्रुवारीत तुम्ही मला लिहिलं होतं, रडायचं तर रड, पण जेवून रड, रिकाम्या पोटी रडू नये. ते तुम्हाला सुचलेलं नाही. ते तिचंच आहे. त्या एका ओळीवर मी तो महिना काढला. ती ओळ माझ्यापर्यंत पोचवलीत, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

हा कप मला ठेवता येत नाही. पैसे नकोत. ही विक्री धरू नका. कोणी विचारलं तर सांगा, एकोणतीसच झाले. आल्मूट.'

ती ओळ तिचीच होती. शेवटच्या दिवशी, दवाखान्यातल्या खाटेवरून, त्याचे ओठ थरथरायला लागलेले पाहून रोझविथाने ती म्हटली होती. "आधी खाली जाऊन जेवून ये, फोल्कमार. रिकाम्या पोटी रडू नये." तो खाली गेला, सूप आणि ब्रेड खाल्लं, आणि वर आला तेव्हा परिचारिका दारात उभी होती.

त्याने कपाट उघडलं. निळ्या कपाची जागा धुळीत अजून गोल उमटलेली होती. कप त्याच गोलात ठेवला. मग दारामागची शेवटची रेघ अंगठ्याने पुसली, पण खडू मुरला होता, पुसट का होईना रेघ दिसतच राहिली.

स्वयंपाकघरात जाऊन त्याने ब्रेडचे दोन तुकडे कापले. त्यांना लोणी लावलं, वर काकडीचं लोणचं ठेवलं. टेबलाशी बसून सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. ताटली विसळून जागेवर ठेवली, हात पुसले.

मग फोल्कमार परत येऊन खुर्चीवर बसला आणि रडायला लागला.