गव्यासाठी निवडलेलं काडतूस

मी एक काडतूस. तीनशे पंचाहत्तर मॅग्नम जातीचा, बुडाशी पितळेचा जाड पट्टा असलेला, मोठ्या जनावरासाठी घडवलेला. पन्नासहून जास्त वर्षं झाली, मी अजून उडालेलो नाही. ज्याला आयुष्यात एकदाच उडायचं असतं, त्याचं वाट बघून काय होतं ते कुणीच विचारत नाही. म्हणून आज स्वतःच सांगतोय.

माझा जन्म इंग्लंडातल्या कारखान्यात झाला. बोटीने मुंबईला आलो आणि फोर्टातल्या एका बंदुकांच्या दुकानाच्या कपाटात पडून राहिलो. एकाहत्तर साली तिथे भाऊ आले. कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात केमिस्ट, वय तीस, काखेत वही.

दुकानदार म्हणाला, "थर्टी-ओ-सिक्स घ्या ना साहेब. हलकं आहे, खांदा दुखत नाही. सांबर, डुक्कर, सगळं पडतं."

"गवा पडेल?"

"बरोबर जागी लागली तर पडेल."

"आणि थोडी चुकली तर?"

दुकानदाराने तो डबा परत कपाटात ठेवला.

भाऊंचं दुखणं वेगळंच होतं. आदल्या वर्षी आंबोलीच्या रानात त्यांनी हलक्या रायफलीने एका गव्यावर गोळी झाडलेली. ती खांद्याच्या हाडात अडकली, आत पोचलीच नाही. गवा उठला आणि रान तुडवत निघून गेला. दगडू नावाच्या वाटाड्याला घेऊन भाऊ तीन दिवस रक्ताच्या मागावर फिरले. सापडला नाही. तेव्हापासून कुठली गोळी किती हाड फोडते, एवढंच ते वाचत होते.

दुकानदाराने मग चारशे अठ्ठावन्न काढलं. "हे हत्तीचं."

"याचा धक्का मला पेलायचा नाही. भीतीनेच नेम चुकेल."

मग मी त्यांच्या तळहातावर आलो. तीनशे ग्रेन वजनाची गोळी, कडक आवरण, हाडावर आपटून पसरत नाही, थेट आत जाते. बराच वेळ त्यांनी मला फिरवून पाहिलं. "हेच. माझ्या हातून जनावर पुन्हा जखमी होऊन जाता कामा नये."

माझ्यासाठी त्यांनी रायफलसुद्धा बदलली. काय अभिमान वाटला होता मला!

आम्ही दहा जण होतो. सात जण नेम जमवताना दगडाच्या खाणीत उडाले. त्या थंडीत दगडूचा निरोप आला आणि परवाना काढून भाऊ आंबोलीला गेले. नळीत मी होतो. बाहेरचं दिसत नव्हतं, पण दगडूची कुजबूज ऐकू आली.

"तोच हो, भाऊ. खांदो सडलो हा त्याचो. मारा. सुटात बिचारो."

अंतर चाळीस पावलं. वारा समोरचा. भाऊंचं बोट घोड्यावर आलं. मी तयार होतो, दारूच्या कणाकणाने तयार होतो. एक क्षण गेला, दुसरा गेला. बोट दाबलंच गेलं नाही. पालापाचोळ्यात लंगडणारी पावलं लांब लांब गेली.

भाऊंनी मला नळीतून बाहेर काढलं आणि खिशात टाकलं.

पुढल्या वर्षी कायदा आला. शिकार बंद झाली.

त्यानंतर डोंबिवलीतल्या फ्लॅटचं लोखंडी कपाट. लायसन्सचं नूतनीकरण, निवडणूक आली की रायफल जमा करायची, पुन्हा आणायची. डोळे अधू झाले तेव्हा भाऊंनी लायसन्स परत केलं, रायफल दिली, माझे दोन्ही सोबतीही दिले. मला मात्र चष्म्याच्या जुन्या डबीत दडवलं. मी चरफडलो. वापरायचं नाही, सोडायचंही नाही, म्हणजे करायचं तरी काय माझं?

यंदा बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. कपाट रिकामं करताना नात मैथिलीने डबी उघडली.

"आजोबा, हे खरं आहे?"

"खरंच आहे."

"अहो, लायसन्स तर तुम्ही कधीच परत दिलंत! कोणी पाहिलं ना, तर आत टाकतील तुम्हाला. उद्याच्या उद्या पोलिसांत देऊन येऊ."

देणं काही सोपं नव्हतं. पहिल्या ठिकाणी म्हणाले, कल्याणला जा. कल्याणला म्हणाले, ठाण्याला जा. ठाण्यात एकाने मला टेबलावर उभं करून फोटो काढला आणि म्हणाला, "रजिस्टरला तुमचं सगळं जमा दाखवतंय. मग हे कुठून आलं? नको ती भानगड आणू नका, काका. खाडीत टाका." त्र्याऐंशी वर्षांचे भाऊ लाकडी बाकावर तीन तास बसले. मैथिली चिडून रडकुंडीला आली.

शेवटी एका पोलीस मॅडमनी आत बोलावलं. बाई सरळ होत्या. कोरा कागद पुढे केला. "आजोबा, अर्ज लिहा. काडतूस का ठेवलं, तिथे लिहायचं, जमा करायला विसरलो. बस. मी सांभाळून घेते."

भाऊंनी पेन हातात घेतलं. लिहीनात.

"आजोबा, लिहा ना! एकच तर शब्द आहे!"

"विसरलो नाही गं मी." आवाज अगदी हळू होता. "तो समोर उभा होता. कुजत होता. मीच केलेलं होतं ते. काडतूस बरोबर निवडलं मी, पण माझ्याच्याने झालं नाही. त्याला तसाच जाऊ दिला. विसरू नये म्हणून तर हे ठेवलं."

मैथिलीने हे पहिल्यांदा ऐकलं. ठेवण्याचं कारण मीसुद्धा.

मॅडम म्हणाल्या, "असं लिहिलंत तर मला केस करावी लागेल, आजोबा."

"करा."

केस झाली. जामीन त्याच दिवशी मिळाला, पण तारखा सुरू झाल्या. मैथिली सुट्ट्या टाकून त्यांना नेते. वाटेत भांडते, मग पाण्याची बाटली उघडून देते. मी इथे मुद्देमालाच्या खोलीत, कापडी पिशवीत, लाखेच्या सीलखाली आहे. इतकी वर्षं त्यांच्यावर रागावलो. आता त्यांच्याचसाठी जीव कासावीस होतो आणि मला काही करता येत नाही.

पुढल्या तारखेला मला कोर्टात मांडतील. विचारतील, हे तुमचंच का?

भाऊ, माझं ऐका. एकदाच नाही म्हणा.