काळ्या काचेतली मांडवी

माणसाचा मत्सर करणं तुलनेनं सोपं असतं. माणूस म्हातारा होतो, त्याचे केस जातात, पोट सुटतं. कधीतरी तो रस्त्यात दिसतो आणि आपल्याला हायसं वाटतं. शहराचं असं काही होत नाही. माझ्या बायकोच्या मनात जे शहर आहे ते तर तिच्या आठवणीतच राहत असल्यामुळे दरवर्षी थोडं अधिक देखणं होत जातं.

कल्याणी रत्नागिरीची. लग्नानंतर ती धायरीच्या माझ्या फ्लॅटमध्ये आली, पुण्याच्या बँकेत रुजू झाली, सिंहगड रस्त्याच्या वाहतुकीला माझ्याहून चांगल्या शिव्या देऊ लागली. पण तिच्या तोंडी ‘आमच्याकडे’ हा शब्द आला की तो धायरीचा कधीच नसतो. ‘आमच्याकडे’ सुरमई अशी मिळत नाही. ‘आमच्याकडे’ वारा घरात येऊन बसतो, इथल्यासारखा दारातून परतत नाही. संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहते. समोरच्या इमारतीत वाळत घातलेल्या चादरी हलत असतात. त्या चादरींकडे ती ज्या नजरेनं बघते, त्या नजरेनं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं आहे का, हे मी आठवायचा प्रयत्न करतो.

हिवाळ्यात तिच्या बँकेनं विचारलं : रत्नागिरीच्या शाखेत जागा रिकामी होते आहे, तीन वर्षांसाठी जाल का? पुढच्या महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. पोळ्या लाटता लाटता तिनं मला हे सांगितलं.

"मी काही ठरवलेलं नाही," ती म्हणाली. पण पोळी तव्यावर टाकायची राहून गेली होती.

मी फोटो काढायला लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. कसबा पेठेत एका शिकवणीच्या खोलीत आम्हा हौशी लोकांचा गट रविवारी सकाळी जमतो; प्रत्येकानं आपलं काम पडद्यावर दाखवायचं आणि इतरांनी ते फाडायचं, अशी पद्धत आहे. आता मी जाहीर केलं की मी रत्नागिरी टिपायला शिकणार. कल्याणीला म्हणालो, "तुझा समुद्र इथे भिंतीवर आणून लावतो. मग बघ, जावंसं वाटतंय का." तिला ते प्रेमळ वाटलं असावं. मला मात्र ते शहर चौकटीत हवं होतं. त्याची उंची-रुंदी मी ठरवीन असं.

त्यासाठी मी काळी काच आणली. ती भिंगापुढे बसवली की प्रकाश थेंबाथेंबानं आत येतो आणि कॅमेऱ्याची झडप मिनिटभर उघडी ठेवता येते. त्या मिनिटात जे स्थिर असेल ते उमटतं. जे हलतं ते पुसलं जातं. पहिला प्रयोग घरीच केला. झडप उघडी असताना कल्याणी खोलीतून चारदा गेली-आली, कपडे घड्या करून ठेवले, वर्तमानपत्र उचललं. फोटोत सोफा आला, तुळशीची कुंडी आली. ती आली नाही.

"वा," ती म्हणाली, "माझ्याशिवाय घर किती आवरलेलं दिसतं!"

आम्ही दोघंही हसलो.

त्यानंतर मी दोनदा एकटा रत्नागिरीला जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला तीही आली. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी सारं गाव लोटतं. भेळेच्या गाडीवाल्यानं तिला लांबूनच ओळखलं. एक बाई म्हणाली, "कधी आलीस गो? आणि हे कोण?" शाळेतला कुणी, आईची कुणी मैत्रीण, त्या प्रत्येकाकडे तिची अशी वर्षं होती जी माझ्याकडे कधीच येणार नव्हती. मी तिपाई रोवली, काळी काच बसवली आणि झडप उघडली. भेळवाला गेला, ती बाई गेली, पोरं गेली, लाटासुद्धा गेल्या. उरलं ते करड्या दुधासारखं पाणी आणि दगड. एखाद्या गावाचा इतक्या नि:शब्दपणे निकाल लावता येतो, याचा मला फार आनंद झाला. सोमवारपूर्वी हे फोटो तिच्यापुढे ठेवायचे होते : बघ, काय उरलंय तिथे?

पण आदला दिवस रविवार होता, आणि गटाला दाखवल्याशिवाय मला राहवेना.

आमच्या गटाच्या शालनताई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. सात-आठ फोटो त्यांनी बघून घेतले. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "तेजसराव, एक विचारू? रत्नागिरीत एवढ्यात काही साथ वगैरे येऊन गेली का?"

खोली हसली.

"नाही, समुद्र छान आहे," त्या पुढे म्हणाल्या. "बासुंदी आटवायला ठेवल्यासारखा. पण माणसांनी आपलं काय वाकडं केलंय?"

"तो एक दृष्टिकोन आहे," मी म्हणालो.

"असेल हो. आम्हाला आपला गाव दिसला असता तरी चाललं असतं. बरं, पुढचा."

पुढचा शेवटचा होता. तीच जेटी, तसंच विरलेलं पाणी. शालनताई पुढे वाकल्या. "थांबा. ही कोण?"

जेटीच्या टोकाशी एक बाई पाठमोरी उभी होती. कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर मी तिला होड्या बांधायचा खांब समजलो होतो. ओढणीचं टोक वाऱ्यानं धूसर झालं होतं. बाकी सारं, वेणी, खांदे, चपलेतून किंचित उचललेली टाच, सुईनं कोरल्यासारखं स्पष्ट.

"माझी बायको," मी म्हणालो.

"एवढा वेळ हलली नाही? आमच्या ह्यांना पासपोर्टच्या फोटोलाही स्थिर बसता येत नाही. काय सांगून उभं केलंत?"

"काहीच नाही. मला वाटलं, ती भेळ आणायला गेलीय."

शालनताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चेष्टा आवरती घेतली. "हा मोठा करून घ्या," त्या म्हणाल्या. "बाकीचे..." आणि वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. पुण्यात याला सभ्यता म्हणतात.

बाहेर पडून मी तांबटांच्या ठोक्यांमधून चालत राहिलो. माझ्या घरात जी मिनिटभरही उमटत नाही, ती तिथे दगडासारखी उमटली होती. त्या दुसऱ्यासाठी, त्या गावासाठी, ती स्वतःहून थांबली होती; त्याला तिला थांब म्हणावंसुद्धा लागलं नव्हतं. कॅमेऱ्यातून फोटो पुसायला एक बटण पुरेसं होतं; अंगठा त्यावर ठेवून मी बराच वेळ एका ओट्याशी उभा राहिलो. नवरा पुसायला तयार होता. फोटो काढणारा तयार नव्हता, कारण वर्षभरात त्याला जमलेलं हे एकच चित्र होतं, आणि तेही प्रतिस्पर्ध्याच्या मदतीनं. शेवटी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून मी तो मोठा छापून घेतला, बाकीचे साध्या आकारात.

संध्याकाळी सगळे फोटो तिच्यापुढे मांडले. ती एकेक उचलून बघत होती.

"हे कुठलं गाव?"

"मांडवी आहे."

"मग भेळवाला कुठाय? पोरं कुठायत?"

"हलत होती."

"म्हणजे हलणारा माणूस तुझ्यात पुसला जातो?"

"कॅमेऱ्यात."

"हं," ती म्हणाली.

मग मी मोठा फोटो तिच्यापुढे ठेवला. स्वतःच्याच पाठीकडे ती अशी बघत राहिली, जणू कुणी ओळखीचं पुढे चाललं आहे आणि हाक मारावी की नाही हे ठरत नाही.

"एवढा वेळ उभी होते मी? मला वाटलं, क्षणभर."

"मिनिटभर. पूर्ण."

"तेजस, उद्या काय कळवू?"

"उत्तर या फोटोतच आहे."

"ते माझं झालं. मी तुला विचारतेय."

तडजोडीची, समजूतदारपणाची कितीतरी वाक्यं मला येतात. त्यातलं एकही आठवेना. "मला ते गाव आवडत नाही," मी म्हणालो. "कधीच आवडलं नाही."

ती हसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते मला लग्नापासून माहीत आहे रे. तू म्हणतोस कधी, एवढंच बघत होते." सोमवारी तिनं होकार कळवला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिचं सामान दाराशी बांधून ठेवलेलं होतं. मांडवीचा फोटो तिनं स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावला होता. माझ्यासाठी, असं तिचं म्हणणं. मी तिला खुर्चीत बसवलं, तिपाई उभी केली, काळी काच चढवली.

"एक मिनिट. इथे. हलायचं नाही."

"पुतळा होते बघ," ती म्हणाली. तिनं फोन बाजूला ठेवला, हात मांडीवर घेतले.

फोटोत ते हात उमटले. बांगड्या उमटल्या, कुर्त्याच्या बाहीचा सुटलेला दोरासुद्धा. चेहऱ्याच्या जागी फक्त एक फिकट वळसा होता. मधेच कधीतरी तिची मान भिंतीकडे वळली होती.

"अगंबाई," ती माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली. "परत काढ. आता नाही हलणार."

मी उठलो, भिंतीवरून मांडवी उतरवली आणि सामानामागे पालथी करून ठेवली.

"अरे, फोटो आहे तो नुसता!"

"माहीत आहे. बस आता."

ती हसत हसत बसली, मग हसू आवरून ताठ झाली. मी झडप उघडली. या वेळी मी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. मिनिटभर तिच्याकडेच बघत राहिलो. ती भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती.