हळदीपुरती हवा

माझ्या मनालीला खोकला लागला तेव्हा ती पावणेदोन वर्षांची होती आणि मी घरातली डॉक्टर होते. बारावी सायन्स झालेली सून गावात आली की हे पद तिला आपोआप मिळतं. किती गुणांनी पास झालीस, हे कोणी विचारत नाही, हे माझं नशीब.

कामतघरच्या खऱ्या डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला आणि म्हणाले, "धुळीपासून जपा." मी जपायला लागले. पडदे काढले. गोधड्या उकळल्या. मांजरीला घरातून हाकललं. सासूबाईंच्या बोंबील भाजण्यावर असं व्याख्यान दिलं की त्या बिचाऱ्या आठवडाभर गोठ्यामागे जाऊन चोरून भाजत होत्या. घरामागच्या डोंगरावर काळूराम काकांची खडीमशीन दिवसभर दगड भरडत होती, दारातली तुळस पांढरी पडली होती, आणि मी बोंबलांना जाब विचारत होते.

दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण काका म्हणजे माझे चुलत सासरे, आणि धनेश, मनालीचे पप्पा, त्यांच्याच खदाणीवर डंपर चालवतात. ज्या धुळीवर चूल पेटते तिला धूळ म्हणायची आमच्यात रीत नाही. आम्ही तिला पावडर म्हणायचो.

मग काकांच्या उन्नतीचं लग्न निघालं. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या अंगणात मोठा मांडव पडला. त्याच सुमारास गणेशपुरीहून माझ्या आईचा फोन आला. ओवा भाजून फडक्यात बांध आणि छाती शेक. मी शेकली.

हळदीच्या दिवशी मनाली मांडवभर धावली आणि खोकली नाही. मी तिला धरून तिच्या पाठीला कान लावला. एरवी आत मांजराचं पिल्लू बसल्यासारखं घुरघुरायचं, ते गप्प होतं. दुपारी माझ्या मांडीवर ती तोंड मिटून झोपली. माझ्या लेकीचे मिटलेले ओठ इतके गोड दिसतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

शहाण्या बाईने एवढ्यावर समाधान मानलं असतं. मी पुरचुंड्या बांधायला बसले. हळदीला जमलेल्या बायकांत जिच्या घरी खोकणारं पोर, तिला एक. आणि तशी पोरं घरोघरी होती.

"ओवा किती घ्याचा गो?" शेजारच्या ठकुबाईंनी विचारलं.

"मूठभर. पण मंद आचेवर," मी पिढीजात वैद्यासारखी म्हणाले.

"आमची सून शिकलेली हाय," सासूबाई म्हणाल्या. बोंबलांचा अपमान त्या विसरल्या होत्या.

तेवढ्यात काकांच्या बायकोने, कमळकाकींनी, मटणाच्या टोपावरचं झाकण उचललं. "यंदा जेवनात कचकच न्हाय लागनार हां. थोरलीच्या लग्नात पाव्हन्यांनी नावं ठेवली, मटनात खडी लागते म्हनून. या वक्ताला मीच यांना सांगितलं, हलद न लगीन होईतो मशीन बंद म्हंजे बंद."

ठकुबाईंनी डोंगराकडे बघितलं, हातातल्या पुरचुंडीकडे बघितलं, आणि ती माझ्या ओटीत परत ठेवली. मला तिथल्या हळदीच्या परातीत तोंड लपवावंसं वाटलं.

वरात गेली. मांडवाचे बांबू उतरायच्या आत मशीन सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत मनालीच्या छातीतलं पिल्लू परत आलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. वाटेत भाषण पाठ केलं होतं, फुफ्फुसांच्या आकृतीसकट. काका झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी वर बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, चहा ठेवू?"

चहा उकळत होता तेव्हा मनालीला कडेवर घेऊन सासूबाई आल्या. त्यांनी तिला काकांच्या मांडीवर बसवलं. "भावजी, कान लावा हिच्या पाठीला."

काकांनी लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"पाव्हन्यांच्या दाताखाली खडी येऊ नये म्हनून मशीन बंद ठेवता. ही पाव्हनी न्हाय म्हनून चालतं काय?"

"वहिनी, बंद कशी करू? किती घरं खातात तिच्यावर. तुमचं पन."

मी चहा गाळून काकांपुढे ठेवला.

"मशीनला चारी बाजूंनी पत्रे ठोकून घेतो," काका म्हणाले. "रस्त्यावर पानी मारतो."

"कवा?"

"बघू."

गावात 'बघू' किती लांब असतं, हे मला एवढ्या वर्षांत कळलं होतं. सासूबाईंना तर केव्हाच. घरी येऊन त्या म्हणाल्या, "यामिनी, बॅग भर. पत्रे लागल्याबिगर यायचं न्हाय." मी आत जाऊन रडले, आणि मग मनालीचे सगळे फ्रॉक भरले. माझी साडी एकच भरली. घाईत नाही, आशेने.

धनेशनी आम्हाला भिवंडी स्टँडवर सोडलं. गणेशपुरीची एसटी लागेपर्यंत ते मनालीला खांद्यावर घेऊन उभे होते. मध्येच त्यांना खोकला आला. त्यांनी तिला माझ्याकडे दिलं आणि पाठ फिरवून खोकले. सगळ्या घरभर मी धूळ शोधली होती, त्यांच्या छातीला कान लावायचं सुचलं नव्हतं.

"तुम्ही पण पंप घ्या," मी म्हणाले.

"पोरीचा पंप मी वडू काय," ते हसले आणि बॅग खिडकीतून आत दिली.

आता आम्ही माहेरी आहोत. मनाली भातखाचरांच्या बांधावरून धावते आणि तोंड मिटून झोपते. धनेश जेवणाच्या सुट्टीत खदाणीवरून फोन करतात. मागे मशीनची घरघर ऐकू येते, त्यामुळे पत्र्यांचं मी विचारत नाही. मग ते म्हणतात, मनीला दे. ती अजून फोनवर बोलत नाही, नुसता श्वास घेते. ते तेवढं ऐकत राहतात.